चुलीपासून ओट्यापर्यंत : गडचांदूर परिसराच्या संदर्भात स्वयंपाकाच्या ओट्याचा सामाजिक इतिहास

गोषवारा

स्वयंपाकघरातील उभा ओटा आज मराठी घरात इतका परिचित झाला आहे की त्याला स्वतःचा इतिहास असू शकतो, ही बाब सहसा ध्यानात येत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर (तालुका कोरपना) परिसर केंद्रस्थानी ठेवून जमिनीवरील चुलीपासून ग्रॅनाइटच्या ओट्यापर्यंतच्या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. ओट्याचा उगम इंधनातील बदलात आहे, त्याचा दगड वाहतूक आणि बाजारपेठ यांनी ठरविला आणि त्याची उंची मात्र त्यावर काम करणाऱ्या स्त्रीखेरीज इतरांनीच ठरविली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्वयंपाकघर, ओटा, चूल, चुनखडक, कडप्पा, ग्रॅनाइट, स्त्रीश्रम, गडचांदूर.

प्रस्तावना

इतिहासलेखनाने राजवाडे, किल्ले, मंदिरे आणि वाडे यांच्या दगडांची दखल घेतली; परंतु ज्या दगडावर घराचे रोजचे अन्न शिजते त्याची दखल क्वचितच घेतली गेली. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर आणि माणिकगडाच्या तटबंदीवर लिहिले गेले आहे. त्याच माणिकगडाच्या पायथ्याशी असलेल्या गावांतील स्वयंपाकघर मात्र इतिहासाच्या कक्षेबाहेरच राहिले.

‘ओटा’ या शब्दाचा प्रवासच या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठी बोलीत ओटा म्हणजे मूलतः घरासमोरील बसण्याची उंच जागा. आल्यागेल्याची विचारपूस, पंचांची बैठक, शेतीच्या आणि सोयरिकीच्या गोष्टी या ओट्यावर होत. ही मुख्यत्वे पुरुषांची बसण्याची जागा होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच शब्द घराच्या आतल्या भागात शिरला आणि स्त्रीच्या उभे राहण्याच्या जागेला लागू झाला. बाहेरचा ओटा विश्रांतीचा आणि आतला ओटा श्रमाचा, असा हा अर्थबदल आहे. तो कसा घडला, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जमिनीवरील चुलीकडून उभ्या ओट्याकडे झालेल्या स्थित्यंतराची कारणे शोधणे.
२) ओट्यासाठी झालेल्या दगडाच्या निवडीमागील भौगोलिक व आर्थिक घटक स्पष्ट करणे.
३) ओट्याची बसवणी व उंची यांचा स्त्रीश्रमाशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय योजना, प्रादेशिक इतिहास, भूगर्भशास्त्र आणि बांधकामव्यवहार यांविषयीच्या प्रकाशित माहितीचा आधार घेतला आहे.

१. परिसराची पार्श्वभूमी

गडचांदूर हे राजुरा-कोरपना-आदिलाबाद मार्गावरील बाजारपेठेचे गाव. दक्षिणेस माणिकगड व जिवतीचा डोंगराळ प्रदेश, तेथील गोंड व कोलाम वस्त्या आणि सभोवार कापसाची शेती, अशी या परिसराची रचना आहे. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो प्रथम नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात समाविष्ट झाला. त्यामुळे या भागाच्या घरबांधणीवर आणि बाजारपेठेवर वऱ्हाड-नागपूरइतकाच तेलंगणाचाही प्रभाव राहिला.

या भूमीच्या पोटात पैनगंगा समूहातील चुनखडकाचे विस्तीर्ण थर आहेत. याच खडकामुळे १९८०च्या दशकात आवारपूर येथे लार्सन अँड टुब्रोचा आणि गडचांदूर येथे सेंच्युरी समूहाचा माणिकगड सिमेंट हा कारखाना उभा राहिला. आवारपूरचा कारखाना २००४ मध्ये आणि माणिकगडचा २०१९ मध्ये अल्ट्राटेक कंपनीकडे गेला. उपरवाही येथे अंबुजा समूहाच्या मराठा सिमेंटची भर पडली. कारखान्यांबरोबर वसाहती आल्या, नोकरदार कुटुंबे आली आणि घराची नवी कल्पनाही आली.

२. बसून रांधणारे घर

उभ्या ओट्यापूर्वीचे स्वयंपाकघर ही एक परिपूर्ण व्यवस्था होती, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मातीची चूल, तिला जोडलेला वैल, शेणामातीने सारवलेली भुई, मडक्यांची उतरंड, भिंतीतील कोनाडा आणि बसायला पाट, या सर्व वस्तू बसलेल्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात असत. विळी पायाखाली दाबून धरली जाई. पाटा-वरवंटा आणि जाते यांना शरीराचा भार लागे. ज्वारीची भाकरी परातीत थापताना खांद्यापासूनचा जोर खाली उतरे. चुलीत पऱ्हाटी, तुराट्या आणि जंगलातील काटक्या जळत.

या व्यवस्थेला धार्मिक परिमाणही होते. सोवळे पाळणाऱ्या घरांत चुलीजवळ परक्याला प्रवेश नसे. चूल सारवल्याखेरीज पेटवू नये, हा संकेत अनेक जातीजमातींत होता. चूल जमिनीला जोडलेली असणे हा त्या पावित्र्याचा भाग होता. अशा चुलीला उचलून कमरेइतक्या उंचीवर नेणे ही केवळ सोयीची बाब नव्हती.

तथापि या व्यवस्थेचे मोल स्त्रीच्या शरीराने चुकविले. धूर डोळ्यांत आणि फुप्फुसांत जाई. वारंवार उठबस करावी लागे. पाणी, सरपण, पीठ आणि शिजलेले अन्न यांच्यातील प्रत्येक फेरी म्हणजे वाकणे आणि पुन्हा उभे राहणे असे. गरोदर स्त्रीला आणि गुडघे धरलेल्या वृद्धेला या फेऱ्यांतून सूट नव्हती. जुन्या स्वयंपाकघराचे स्मरणरंजन करताना या बाबीचा विसर पडता कामा नये.

३. इंधन बदलले आणि उंची बदलली

स्वयंपाकघराच्या सुधारणेचा पहिला विचार चुलीच्याच अंगाने झाला. वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीतून मगन चूल पुढे आली. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. केंद्र शासनाने १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. या सर्व प्रयत्नांत धूर बाहेर काढण्याचा विचार होता. परंतु रांधणारी स्त्री बहुतांशी जमिनीवरच बसलेली होती.

चंद्रपूर जिल्ह्यात आणखी एक टप्पा आढळतो. वरोरा, बल्लारपूर, घुग्घुस, सास्ती या कोळसापट्ट्यात दगडी कोळशाची शेगडी हे कामगारांच्या घरातील इंधनसाधन होते. शेगडी हलविता येत असे. ती अंगणात पेटवून धूर विरल्यावर आत आणली जाई. चूल ही वास्तूचा भाग होती, तर शेगडी ही वस्तू झाली. विस्तव जमिनीपासून सुटा होण्याची ही पहिली पायरी म्हणता येईल. वातीचा रॉकेल स्टोव्ह ही दुसरी पायरी. स्टोव्ह कोठेही ठेवता येत होता. म्हणून तो लाकडी टेबलावर, खोक्यावर किंवा दोन विटांच्या कट्ट्यावरील फरशीवर चढला.

तिसरी आणि निर्णायक पायरी द्रवरूप पेट्रोलियम वायूची, म्हणजे बोलीभाषेतील ‘गॅस’ची. मुंबईत १९५०च्या दशकात बर्मा-शेल कंपनीने हा वायू घरोघरी देण्यास प्रारंभ केला. इंडियन ऑइलची ‘इंडेन’ सेवा १९६५ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर जमिनीवर उभे ठेवावे आणि शेगडी त्याहून उंच, न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी, हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम ठरला. अशा रीतीने ओटा ही हौसेची नव्हे, तर इंधनाने घातलेली अट बनली. ‘गॅसचा ओटा’ हा शब्दप्रयोग याचीच साक्ष देतो.

जागतिक पातळीवर उभ्या स्वयंपाकघराचे तर्कशास्त्र वेगळ्या मार्गाने विकसित झाले. अमेरिकेत कॅथरिन बीचर यांनी एकोणिसाव्या शतकात आणि क्रिस्टिन फ्रेडरिक यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गृहिणीच्या हालचाली मोजून जागेची मांडणी सुचविली. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेट श्यूटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये कामगार वसाहतींसाठी ‘फ्रँकफर्ट किचन’ आखले. तेथे श्रमाचा अभ्यास आधी झाला आणि त्यातून ओटा घडला. आपल्याकडे सिलिंडर आधी आले, ओटा मागून आला आणि श्रमाचा अभ्यास जवळजवळ झालाच नाही. हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

गॅसजोडणीसाठी अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागण्याच्या त्या काळात ही सोय प्रथम नोकरदार वर्गाकडे आली. सिमेंट कारखान्यांच्या वसाहती या परिसरात अशा नव्या राहणीच्या वाहक ठरल्या. खेड्यापाड्यांतील गरीब कुटुंबांपर्यंत गॅस मोठ्या प्रमाणावर पोहोचण्यास १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेची वाट पाहावी लागली.

४. दगडाची निवड : कडप्पा ते ग्रॅनाइट

चुनखडकावर वसलेल्या गडचांदूरच्या ओट्यासाठी दगड मात्र दूरवरून आला, हा या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास आहे. स्थानिक चुनखडक भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजला जातो. एक टन क्लिंकरसाठी साधारण दीड टन चुनखडक खर्ची पडतो. त्याच कुळातील दुसरा चुनखडक, म्हणजे आंध्र प्रदेशातील कडपा-कर्नूल पट्ट्यातील काळा दगड, न भाजता फरशीच्या रूपाने ‘कडप्पा’ या नावाने मराठी स्वयंपाकघरात आला. कर्नाटकातील शहाबाद आणि तेलंगणातील तांडूर येथील फरशीही चुनखडकाचीच. म्हणजे ओटा ज्या सिमेंटने जोडला जातो ते आणि ज्या फरशीने झाकला जातो ती, ही दोन्ही एकाच प्रकारच्या खडकाची रूपे ठरतात.

हे दगड फरशीसाठी निवडले जाण्याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. ते थराथरांनी बनलेले असल्याने छिन्नीने पातळ फरशीच्या रूपात सुटतात. यंत्राने चिरण्याची गरज कमी पडते. परिणामी ते स्वस्त राहिले. काझीपेठ-बल्लारपूर हा रेल्वेमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि दक्षिण व उत्तर भारत या भागातून थेट जोडले गेले. दक्षिणेचा दगड चांदा जिल्ह्यात येण्याचा मार्ग त्यामुळे सुकर झाला. पुढे हीच वाहतूक मालमोटारींनी उचलली.

कडप्पाची मर्यादा त्याच्या रासायनिक स्वरूपात आहे. चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेट आम्लाच्या संपर्काने झिजते. लिंबू, चिंच, कैरी, ताक किंवा अंबाडीची आंबट भाजी सांडून तशीच राहिली की काळ्या फरशीवर पांढुरका डाग पडतो. संगमरवरही याच कारणाने स्वयंपाकाच्या ओट्याला योग्य ठरत नाही. शिवाय कॅल्साइटचा कठीणपणा मोह्‌सच्या श्रेणीत केवळ ३ असल्याने सुरी, पोळपाट आणि डब्यांच्या बुडाचे ओरखडे त्यावर उमटतात.

ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक असून त्यातील क्वार्ट्‌झ व फेल्डस्पार यांचा कठीणपणा ६ ते ७ इतका असतो. त्यावर लिंबू-चिंचेचा परिणाम होत नाही आणि गरम पातेले क्षणभर टेकविल्यास सहसा इजा पोहोचत नाही. परंतु ग्रॅनाइट थरांनी सुटत नाही. त्याला यंत्राने चिरावे आणि घासावे लागते. म्हणून चिरकाम व पॉलिशची यंत्रे स्वस्त होईपर्यंत तो सामान्य घराच्या आवाक्यात आला नाही. तेलंगणातील करीमनगरचा तपकिरी, तर आंध्रातील चिमाकुर्तीचा चांदणीसारखे ठिपके असलेला काळा ग्रॅनाइट प्रसिद्ध आहे. करीमनगर हे गडचांदूरच्या दक्षिणेस, जुन्या हैदराबाद राज्याच्याच मुलखात आहे. राज्यसीमा बदलली तरी दगडाची दिशा बदलली नाही, असे यावरून म्हणता येते.

ग्रॅनाइट आल्यावर कडप्पा हद्दपार झाला नाही; तो खाली गेला. आज ओट्याचा वरचा थर ग्रॅनाइटचा, तर त्याखालील आधाराची फरशी, उभ्या पट्ट्या आणि डब्यांचे कप्पे कडप्पाचे, अशी विभागणी सर्रास आढळते. पाहुण्यांना दिसणारा दगड एक आणि भार वाहणारा दगड दुसरा, अशी ही रचना आहे.

५. बसवणी आणि उंचीचा प्रश्न

ओट्याची बसवणी हे गवंडी व फरशी बसविणाऱ्या मिस्त्रीचे कौशल्य होय. आठ फूट लांब, दोन फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन सुमारे ७० किलो भरते. म्हणून दोन-अडीच फुटांच्या अंतराने विटांच्या किंवा कडप्पाच्या उभ्या आधारांची गरज असते. त्यावर कडप्पा, मग सिमेंटचा मसाला आणि त्यावर ग्रॅनाइट असा क्रम राहतो. सिंक आणि गॅसशेगडीसाठी कापलेल्या जागेचे कोपरे हा दगडाचा सर्वांत दुबळा भाग. तेथे खालून आधार नसल्यास तडा जातो. ओट्याला सिंकच्या दिशेने किंचित उतार, पुढील कडेला गोलाई आणि भिंतीच्या सांध्यावर टाइल्सचा पट्टा, ही चांगल्या कामाची लक्षणे मानली जातात. उतार चुकला तर पाणी भिंतीत मुरते, आणि ते पुसण्याचे काम आयुष्यभर एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते.

दगडाच्या निवडीवर घरात चर्चा होते. रंग, चमक आणि चौरस फुटाचा दर यांवर घासाघीस होते. उंचीवर मात्र चर्चा होत नाही. ती ‘नेहमीची’ म्हणजे साधारण ३२ ते ३४ इंच धरली जाते. येथेच या विषयातील खरा प्रश्न उभा राहतो. उभ्याने करावयाच्या हलक्या कामासाठी पृष्ठभाग कोपराच्या उंचीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, असे श्रमविज्ञान सांगते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. तिचे कोपर जमिनीपासून ९५ सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे चिरणे-निवडणे या कामांसाठी ३२ ते ३४ इंचांचा ओटा सरासरी स्त्रीला चालतो.

परंतु ओट्यावर केवळ चिरणे-निवडणे होत नाही. गॅसशेगडीची स्वतःची उंची चार ते सहा इंच असते आणि तिच्यावर पातेले चढते. पातेल्याचा काठ त्यामुळे कोपराच्या वर जातो, आणि वरण घोटताना किंवा पिठले हलविताना खांदा उचलून धरावा लागतो. कणीक मळणे आणि भाकरी थापणे या कामांना वरून जोर लागतो. त्यांना आणखी खालचा पृष्ठभाग हवा. १४५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी तर नेहमीचा ओटा प्रत्येक कामास उंचच ठरतो. अनेक घरांत ओटा असूनही भाकरी खाली बसून थापली जाते. त्याला जुन्या सवयीचे नाव दिले जाते. वास्तविक शरीराने मापातील चूक ओळखल्याचे ते लक्षण असते.

शासकीय धोरणातही हीच उणीव दिसते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागेचा समावेश झाला, ही स्वागतार्ह बाब होय. जनगणनेच्या घरयादीतही स्वयंपाकघराची नोंद घेतली जाते. तथापि जागा दिली म्हणजे कामाची सोय झाली असे नाही. सिलिंडर आले आणि ओटा बांधला गेला नाही, तर शेगडी जमिनीवरच राहते आणि वर नमूद केलेला सुरक्षिततेचा नियम कागदावर उरतो. उज्ज्वला आणि घरकुल या दोन योजनांच्या मधोमध हा दोन फूट रुंदीचा दगड आहे. त्याची जबाबदारी लाभार्थी कुटुंबावर पडते.

६. धूर गेला, धूळ आली

ओट्याच्या इतिहासातील आणखी एका घटकाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती श्वासावाटे फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. घरात बसवणी करताना सिंकची जागा कोरड्या कटरने, तोंडाला केवळ रुमाल बांधून कापली जाते, हे दृश्य सर्वपरिचित आहे. अलीकडे लोकप्रिय होत असलेल्या कृत्रिम क्वार्ट्‌झच्या ओट्यात सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. याच कारणास्तव ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. पाण्याची धार सोडून दगड कापल्यास धूळ बरीच दबते. चुलीच्या धुरातून गृहिणीची सुटका होत असताना तोच भार मिस्त्रीच्या छातीवर जाऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

निष्कर्ष

१) उभ्या ओट्याचा प्रसार प्रामुख्याने इंधनबदलाचा परिणाम आहे. शेगडी, स्टोव्ह आणि गॅस या क्रमाने विस्तव जमिनीपासून सुटा झाला आणि गॅसच्या सुरक्षिततेच्या नियमाने त्याला उंच जागा दिली.

२) गडचांदूर परिसरात चुनखडक विपुल असूनही तो कारखान्याकडे गेला आणि घरातील फरशी दक्षिणेकडून आली. खडकाची घडण, रेल्वे व रस्ते आणि यंत्रांची किंमत या घटकांनी कडप्पा व ग्रॅनाइट यांचे स्थान निश्चित केले.

३) ओट्याने स्त्रीला जमिनीवरून उठविले, धूर आणि उठबस यांतून बऱ्याच अंशी सोडविले. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु स्वयंपाक कोणी करावा, हा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

४) ओट्याचे माप हे त्यावर काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरावरून घेतले जावे. शेगडीची जागा चार इंच खाली ठेवून दोन पातळ्यांचा ओटा बांधल्यास खर्चात फारसा फरक पडत नाही. घरकुलाच्या आराखड्यात आणि गवंडीकामाच्या प्रशिक्षणात या बाबीचा समावेश व्हावा.

घरासमोरील ओटा बांधताना त्यावर कोण बसणार, याचा विचार पूर्वजांनी केला होता. त्यासाठी पायऱ्या आणि टेकण्यास भिंत योजली होती. आतल्या ओट्यापुढे कोण उभे राहणार, हा प्रश्न बांधकामापूर्वी विचारला जाईल, तेव्हाच या दगडाचे माप खऱ्या अर्थाने घेतले गेले असे म्हणता येईल.